बाई 'छान' म्हणाल्या तेव्हा

धाकटे सर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात नोकरीला लागले, तेव्हा तिथे त्यांच्याच आडनावाचे आणखी एक सर होते. ते वयाने मोठे म्हणून थोरले सर, आणि हे धाकटे. थोरले सर यथावकाश निवृत्त झाले, पण यांचं 'धाकटे' काही सुटलं नाही. पन्नाशी आली, कानांवरचे केस पांढरे झाले, मुलगी नोकरीला लागली, तरी हे आपले धाकटेच. नवे विद्यार्थी तर तेच त्यांचं आडनाव समजत आणि रजेच्या अर्जावर 'माननीय धाकटे सर' असं बिनदिक्कत लिहीत.

ते लागले तेव्हा विभागाच्या प्रमुख होत्या बाई. विभागात बायका आणखीही होत्या, पण 'बाई' म्हटलं की त्या एकच. पाठीमागे त्यांना सगळे 'करवत' म्हणत. जातानाही कापते आणि येतानाही, म्हणून. अंगाने किरकोळ, आवाज खालच्या पट्टीतला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या कधी ओरडल्याचं कोणाला आठवत नाही. ओरडल्या असत्या तर बरं, असं मात्र पुष्कळांना वाटे.

धाकटे वर्गावर जाऊ लागून आठवडाही झाला नव्हता. नदी आपल्याबरोबर वाळू, माती, गोटे कसे वाहून आणते ते फळ्यावर आकृती काढून सांगत होते. वळून पाहतात तो मागच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये बाई बसलेल्या. कधी आल्या, कशा आल्या, कळलंच नाही. उरलेला तास धाकट्यांनी कसाबसा रेटला. घंटा झाली, मुलं गेली, आणि बाई फळ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही चूक काहीच सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या. "पण सांगितलंत काय?"

एवढंच बोलून त्या गेल्या. धाकट्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, त्यात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचाही राहिला नाही. बायको इस्पितळात परिचारिका होती, दिवसभर उभी राहून आलेली. ती पाय चोळत म्हणाली, "आमच्या मेट्रनला एकदा भेटवते तुम्हाला. मग तुमच्या बाई मायाळू वाटतील."

पण त्या रात्री जेवताना धाकट्यांच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत राहिला. सांगितलं काय? दुसऱ्या दिवशी ते नदीवर गेले, पिशवीभर गोटे घेऊन आले आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक दिला. हा गोटा किती लांबून आला असेल, सांगा. मुलं गोटे फिरवून पाहू लागली, कोणी गुळगुळीत म्हणालं, कोणी म्हणालं याला अजून कोपरे आहेत सर, हा जवळचाच दिसतो. त्या दिवशी मागचा बाक रिकामा होता. आणि धाकट्यांना त्याचं वाईट वाटलं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

पुढची बरीच वर्षं अशीच गेली. शनिवारी दुपारी बाई सगळ्यांना आपल्या खोलीत बोलवत आणि एकेकाला आपण काय अभ्यास करतो आहोत ते वाचून दाखवावं लागे. तिथे कोणाची गय नसे. धाकट्यांनी नदीच्या जुन्या पात्रांवर लिहिलेला लेख बाईंनी वर्षभर त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतला. हे तुम्ही पाहिलं आहे की वाचलं आहे? या वाक्यात तुम्ही कोणाला घाबरता आहात? असे त्यांचे प्रश्न. लेख शेवटी छापून आला, लांबलांबच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली, आणि बाईंनी विचारलं, "आता पुढे काय?" कौतुकाचा एक शब्द म्हणून नाही. धाकटे चरफडत. आज ना उद्या या बाईच्या तोंडून 'छान' म्हणून घेईन, नाहीतर नाव बदलेन, असं बायकोला सांगत. बायको म्हणे, नाव तर तुमचं लोकांनी आधीच बदललंय.

बाईंची ही धार सगळ्यांनाच मानवली असं नव्हे. धाकट्यांच्याच खोलीत पलीकडच्या टेबलाला शंख मॅडम बसत. त्या जीवाश्म शिकवायच्या आणि त्यांचं टेबल कायम दगड झालेल्या शंखशिंपल्यांनी भरलेलं असे, म्हणून हे नाव. त्यांचे वडील इस्पितळात होते तेव्हा त्यांनी रजा मागितली. बाई म्हणाल्या, प्रात्यक्षिक परीक्षा उरकून जा. परीक्षा उरकून त्या गेल्या तेव्हा वडील बोलायचे थांबले होते. शंख मॅडमनी त्यानंतर बाईंच्या खोलीत कामाखेरीज एक शब्द उच्चारला नाही. शनिवारी वाचून दाखवायची पाळी आली की मान खाली घालून वाचत आणि बाईंनी काही विचारलं तर 'बघते' म्हणत. आणखी एक जण तर नोकरी सोडून खाणीच्या कंपनीत गेला. जाताना म्हणाला, तिथे सुरुंग लावतात, पण आधी भोंगा तरी वाजवतात.

मग बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, सगळी नीट तोलूनमापून केलेली. बाईंनी उत्तर दिलं नाही. फक्त म्हणाल्या की तळमजल्यावरच्या कपाटातल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या निघत चालल्या आहेत, तेवढं कोणीतरी बघा. आणि गेल्या. त्या दिवशी घरी येताना धाकट्यांना शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यासारखं हलकं वाटत होतं.

बाईंच्या जागी आले ते सर बाहेरच्या विद्यापीठातून आलेले. गोल चेहरा, हसरे डोळे, कोणी दारात दिसलं की आधी खुर्ची पुढे करणार. त्यांना काहीही विचारा, ते म्हणत, "बरंय." रजा हवी, बरंय. तास बदलून हवा, बरंय. अभ्यासक्रमात हे घालू का? बरंय, घाला. महिनाभरात त्यांचं नाव 'बरंय सर' पडलं आणि ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा तेही म्हणाले, बरंय. शनिवारच्या बैठका बंद झाल्या. त्याऐवजी कोणाचा वाढदिवस असला की सगळे सरांच्या खोलीत जमून चहा घेऊ लागले. विभागात हसण्याचे आवाज येऊ लागले. शंख मॅडम तर जमिनीतून कोंब यावा तशा वर आल्या. रिकाम्या व्हरांड्यात त्यांनी काचेची कपाटं लावून घेतली, आपले शंखशिंपले त्यांत मांडले, शाळेतली मुलं पाहायला येऊ लागली. बाईंच्या राज्यात हे झालं नसतं, हे धाकट्यांनाही मान्य होतं.

पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी एके दिवशी शिकवता शिकवता धाकट्यांच्या लक्षात आलं की आपण मागच्या वर्षीचाच विनोद त्याच जागी केला आणि मुलंही बहुधा त्याच जागी हसली. त्यांनी पुढचं वाक्य बोलायच्या आधी सवयीने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे एक मुलगा हनुवटीला हात लावून डुलक्या घेत होता.

मऊ लागलं की माणूस कोपराने खणतो म्हणतात. पुढच्या काही वर्षांत विभागातही ते सुरू झालं. कोणी तासाला उशिरा जाऊ लागलं, कोणी जाईनासंच झालं. पण धाकट्यांना टोचत होतं ते वेगळंच. ते उशिरा जात नव्हते, तास बुडवत नव्हते. त्यांनी नवा लेख लिहायला घेतला, तो सरांना दाखवला. सरांनी पानं उलटली आणि म्हणाले, बरंय की, पाठवून द्या. पाठवला, छापूनही आला. पण त्यातली दोन वाक्यं भित्री होती हे धाकट्यांना ठाऊक होतं आणि जगात दुसऱ्या कोणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं.

मग त्यांनी एक वेडेपणा केला. भर वर्गात, अगदी ठामपणे, त्यांनी सांगितलं की संगमरवर हा लाव्हा थंड होऊन तयार होतो. चुनखडक दाबला आणि तापला की संगमरवर होतो हे खरं तर ती मुलं आदल्याच वर्षी शिकली होती. धाकटे थांबले. कोणीतरी हात वर करेल म्हणून वाट पाहिली. साठ डोकी खाली झुकली आणि साठ पेनांनी ते उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कबूल केलं की काल मी चुकीचं सांगितलं. मुलांनी तेही निमूटपणे खोडून नवं लिहिलं. एका मुलीने मात्र विचारलं, "सर, परीक्षेत कुठलं लिहायचं?"

हे ऐकून बायको पोट धरधरून हसली. मग त्यांचा चेहरा पाहून हसायची थांबली.

"मी इतकी वर्षं तुमच्या चुका दाखवतेय," ती म्हणाली, "त्यात नाही का समाधान?"

"तू माझ्या चुका दाखवतेस," धाकटे म्हणाले. "बाई माझ्या कामातल्या दाखवायच्या."

दुसऱ्या दिवशी ते तडक बरंय सरांच्या खोलीत गेले. सरांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. धाकट्यांनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं, सर, एकदा माझ्या तासाला येऊन बसा. ऐका आणि काय वाटेल ते सांगा. सर हसले, म्हणाले, अहो, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. धाकटे म्हणाले, विश्वास नको, सर, ऐका. तेव्हा सरांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"माझ्या तासाला एक जण येऊन बसायचे," ते म्हणाले. "माझे पहिले प्रमुख. मुलांच्या देखत मला थांबवायचे. दोन वर्षांनी अशी गत झाली की वर्गाचं दार दिसलं की मला घाम फुटायचा. बायको मला रिक्षातून सोडायला यायची. तेव्हा मी ठरवलं की मला कधी खुर्ची मिळाली, तर माझ्यामुळे कोणाला घाम फुटणार नाही." मग त्यांनी चहाचा कप धाकट्यांपुढे सरकवला. "एवढं एक मागू नका, सर. बाकी काहीही मागा."

धाकट्यांना वाटलं होतं, आज भांडून येऊ. पण भांडणार कोणाशी? हा माणूस आळशी नव्हता, भित्राही नव्हता. त्याने एक पण केला होता आणि तो पाळत होता. चहा पिऊन ते परत आले. शंख मॅडमना त्यांनी ते सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मॅडमना काहीतरी कळलं असावं.

"तुम्हाला बाई आठवतात," शंख मॅडम म्हणाल्या. "मला बाबा आठवतात. एकाच खोलीत बसून आपण दोघं वेगवेगळ्या घरी नांदलो."



सुट्ट्या लागल्या आणि धाकट्यांनी बाईंचा पत्ता शोधून काढला. बाई दुसऱ्या गावी राहत होत्या, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली, आपण एकदाही गेलो नाही, याची त्यांना बसमध्ये बसल्यावर लाज वाटली. पिशवीत नव्या लेखाचा कच्चा मसुदा होता. त्यात तीन जागा अशा होत्या की जिथे बाईंची करवत लागणारच लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यांनी त्या तशाच ठेवल्या होत्या. खिडकीतून बाहेर पाहत ते मनातल्या मनात ती बोलणी खात होते आणि लग्नाला निघाल्यासारखे खूश होते.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांनीच उघडलं. आणखी किरकोळ झालेल्या, हातात काठी, चष्मा मात्र तसाच नाकाच्या शेंड्यावर. क्षणभर त्यांनी निरखून पाहिलं.

"अरे, धाकटे! ये, ये. आत ये."

धाकटे उंबऱ्यावरच थबकले. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना कधी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाई बसत. दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत होती, खालची पानं पिवळी पडलेली. बाईंनी ती चळत दोन फेऱ्यांत उचलून खाली ठेवली, धाकट्यांना हात लावू दिला नाही. खोलीत एकही दगड नव्हता. पुस्तकं कुठल्याशा ग्रंथालयाला देऊन टाकली, म्हणाल्या. खिडकीत एक कुंडी होती आणि रेडिओ बारीक आवाजात चालू होता. तो त्यांनी बंद केला नाही.

इकडची तिकडची विचारपूस झाली. मग, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही म्हणून, धाकट्यांनी मसुदा काढून पुढे केला. बाईंनी तो दिव्याखाली धरून वाचला. सगळा वाचला, पानं उलटायला त्यांना वेळ लागत होता. धाकट्यांनी पहिल्या कच्च्या जागेशी श्वास रोखला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बाईंच्या भुवया प्रत्येक ठिकाणी किंचित हलल्या. शेवटी त्यांनी कागद सारखे केले आणि परत दिले.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

ज्या शब्दासाठी धाकट्यांनी उमेदीची वर्षं जाळली, तो शब्द असा समोर येऊन पडला आणि त्यांनी कागद पुन्हा बाईंपुढे केले.

"बाई, चौथं पान," ते म्हणाले. "तिथे मी न पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहिलंय. तुम्हाला दिसलं. मला माहीत आहे तुम्हाला दिसलं."



"दिसलं," त्या म्हणाल्या. "सगळं दिसतं रे. पण मी आयुष्यभर खरं तेच बोलले आणि माणसं उठून गेली. आता या खुर्चीवर कोणी बसलं, तर मी त्याला उठवणार नाही."

बाईंनीच मग विचारलं, ती शंखवाली कशी आहे? धाकट्यांनी व्हरांड्यातली कपाटं, शाळेतली मुलं, सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. तिला सोडायला हवं होतं मी तेव्हा, एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. स्वयंपाकघरात कप एकमेकांना लागल्याचा आवाज येत राहिला. धाकटे मसुदा मांडीवर घेऊन बसले होते. इतक्या लांबून ते बोलणी खायला आले होते आणि बोलणी देणारी ती बाई या घरात राहत नव्हती.

निघताना बाईंनी विचारलं, पुन्हा येशील ना? धाकटे येईन म्हणाले.

परतल्यावर त्यांनी शंख मॅडमना बाईंचं 'तिला सोडायला हवं होतं' हे वाक्य सांगितलं. मॅडम हातातला शंख पुसत राहिल्या. "बाईंना म्हणावं, कपाटं बघायला या," त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या. मग लगेच, "नको. काही म्हणू नका."

वर्षभराने बरंय सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला लोक खरोखर रडले. खुर्ची ज्येष्ठतेने धाकट्यांकडे आली. आता तरी सगळं मनासारखं करा, असं बायको म्हणाली. धाकट्यांनी शनिवारची बैठक पुन्हा सुरू केली. पहिल्या शनिवारी सगळे आले, दुसऱ्या शनिवारी निम्मे, पुढे शनिवारच उरला. रजा मात्र ते कोणाची अडवत नसत; कोणी घरच्या आजारपणाचं नाव काढलं की अर्ज वाचायच्या आधी सही करत. नव्याने लागलेल्या एका तरुण शिक्षिकेच्या तासाला ते परवानगी घेऊन जाऊन बसले. तास संपल्यावर जिभेवर वाक्य आलं होतं, पण तिचा चेहरा पाहिला, बरंय सरांचा घाम आठवला, आणि ते 'ठीक झालं' असं काहीतरी पुटपुटून बाहेर पडले. धड करवत नाही आणि धड बरंयही नाही.

दुसऱ्या दिवशी तीच त्यांच्या खोलीत आली. म्हणाली, सर, काल तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं. ते काय होतं, त्याचा विचार करून मला झोप आली नाही. तेव्हा धाकट्यांनी सांगितलं. ती लाल झाली, वाद घालायला लागली. धाकट्यांनीही वाद घातला. दोघांचे आवाज व्हरांड्यात ऐकू गेले. शेवटी ती दार जरा जोरातच लोटून गेली. आपण बरं केलं की वाईट, हे धाकट्यांना कळेना. मात्र त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी त्यांना सडकून भूक लागली.

बाईंकडे जाणं चालू राहिलं. सवड मिळेल तसे ते सकाळची बस पकडत. बायको बाईंसाठी डब्यात काहीबाही भरून देई आणि म्हणे, तुमची मेट्रन जेवते ना नीट? बाईंची नजर आता बरीच गेली होती. वाचता येत नव्हतं, म्हणून धाकटेच वाचून दाखवत. वर्तमानपत्र, कुठल्या कुठल्या नियतकालिकातले लेख, आणि आग्रह झाला तर स्वतःचंही. बाई डोळे मिटून ऐकत. मधूनच हसत. छान, छान, म्हणत.

गेल्या खेपेला त्यांनी नवा लेख नेला होता. वाचता वाचता त्यांना कळलं की बाईंना झोप लागली आहे. मान एका बाजूला कलली होती, चष्मा घसरून आणखी खाली आला होता. धाकट्यांनी आवाज लहान केला, पण वाचन थांबवलं नाही. बसला अजून वेळ होता. एका वाक्याशी ते अडखळले. वाक्य दिसायला गोंडस होतं, आत काही नव्हतं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत थोडा वेळ तसेच थांबले. बाई शांत झोपल्या होत्या. मग खिशातून पेन काढून त्यांनी ते वाक्य खोडलं आणि पुढे वाचायला लागले.